संगीताच्या अनधिकृत प्रती व प्रताधिकाराचे खटले

ध्वनिमुद्रित संगीताची प्रत हक्कधारकाच्या परवानगीवाचून काढणे, ती विकणे किंवा संगणक, भ्रमणध्वनी व इंटरनेट यांच्या साहाय्याने इतरांना पुरविणे या कृतींविरुद्ध ध्वनिमुद्रण कंपन्यांनी व त्यांच्या संघटनांनी वेळोवेळी न्यायालयांत दाद मागितली आहे. अमेरिकेत या कारवाईचा रोख काही काळ थेट गाणी ऐकणाऱ्या सामान्य नागरिकांवर होता. भारतात मात्र तो प्रामुख्याने प्रती विकणारे दुकानदार, संकेतस्थळांचे चालक व इंटरनेट सेवा पुरविणाऱ्या कंपन्या यांच्यावर राहिला. या भेदाची कारणे कायद्याच्या रचनेत जशी आहेत, तशीच ती संगीत लोकांपर्यंत ज्या मार्गाने पोहोचले त्या मार्गातही आहेत. मुंबई हे हिंदी चित्रपटसंगीताचे व मराठी ध्वनिमुद्रण व्यवसायाचे मुख्य केंद्र. तिच्यालगतच्या ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात, विशेषतः शहापूर व मुरबाड या तालुक्यांत, हा मार्ग स्पष्टपणे पाहावयास मिळतो.

प्रदेश व गीतपरंपरा : शहापूर तालुका मुंबई–नासिक महामार्गावर व मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावर वसलेला असून मुंबईला पाणी पुरविणारे तानसा व भातसा हे जलाशय त्यात आहेत. तालुक्याच्या ठिकाणाला जवळचे आसनगाव स्थानक मुंबईपासून सु. ८५ किमी. अंतरावर आहे. मुरबाड तालुका कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर असून तेथील लोकांना रेल्वेसाठी दीर्घकाळ कल्याणवर अवलंबून राहावे लागले आहे. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाल्यानंतरही हे दोन्ही तालुके ठाणे जिल्ह्यातच राहिले. कुणबी, आगरी, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी व वारली हे येथील प्रमुख समाज होत. लग्नात धवलारणींनी म्हणावयाचे धवळे, गौरीगणपतीतील नाचगाणी, वारकरी भजने, ठाकरांचा कांबडनाच व वारल्यांचा तारपानाच ही येथील गायनवादनाची परंपरागत रूपे. ही गाणी तोंडी परंपरेने एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे आली. त्यांचा कर्ता कोण, हा प्रश्न गाणाऱ्यांनी कधी विचारला नाही व गाणे दुसऱ्यास शिकविण्यासाठी कोणाची परवानगीही लागली नाही. प्रताधिकाराचा कायदा या प्रदेशात आला तो गीताकडे पाहण्याची ही रीत रूढ असताना, ही गोष्ट पुढील घडामोडी समजून घेताना ध्यानात ठेवावी लागते.

ध्वनिमुद्रिकेचा काळ : भारतातील व्यापारी ध्वनिमुद्रणाचा प्रारंभ १९०२ मध्ये कलकत्त्यात झाला. त्या वर्षाच्या अखेरीस ग्रामोफोन कंपनीच्या वतीने फ्रेड गैसबर्ग याने गौहरजान व इतर कलावंतांची गाणी मुद्रित केली. त्यानंतरची सु. सात दशके या व्यवसायावर ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ या मुद्रेने ओळखल्या जाणाऱ्या ग्रामोफोन कंपनीचे जवळजवळ एकछत्री वर्चस्व होते. लाखेची व पुढे व्हिनिलची तबकडी तयार करण्यास मोठी यंत्रसामग्री लागे. घरी बसून तिची प्रत काढणे शक्य नव्हते. त्यामुळे गीताची चोरी म्हणजे चालीची वा शब्दांची उचल, एवढाच अर्थ त्या काळी होता. ग्रामीण ठाण्यात तबकड्या व फोनो मोजक्याच घरांत असत. बहुसंख्य लोकांपर्यंत संगीत पोहोचे ते तंबूतला चित्रपट, यात्रेतील ध्वनिक्षेपक व आकाशवाणी यांच्याद्वारे.

ब्रिटिशांच्या १९११ च्या कायद्यावर आधारलेला प्रताधिकार अधिनियम भारतात १९१४ मध्ये करण्यात आला. त्याची जागा १९५७ च्या अधिनियमाने घेतली व तो २१ जानेवारी १९५८ पासून अंमलात आला. या अधिनियमाने गीताचे शब्द, त्याची चाल व त्याचे ध्वनिमुद्रण या तीन वेगवेगळ्या कृती मानल्या व प्रत्येकीला स्वतंत्र संरक्षण दिले. ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणून कायदा निर्मात्याला ओळखतो; गाणाऱ्याला नव्हे. चित्रपटगीतांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी विरुद्ध ईस्टर्न इंडिया मोशन पिक्चर्स असोसिएशन या खटल्यात महत्त्वाचा निर्णय दिला. चित्रपटासाठी मोबदला घेऊन रचलेल्या गीतांवर व चालींवर, उलट करार नसल्यास, निर्मात्याचाच हक्क राहतो, असे त्यात ठरले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यास स्वतंत्र टिपण जोडून गायकाला कायद्यात स्थान नसल्याकडे लक्ष वेधले. अशा रीतीने गीताच्या व्यापारातील हक्क व्यवहारतः कंपन्या व निर्माते यांच्याकडे एकवटले आणि पुढील काळातील खटल्यांत वादी म्हणून तेच उभे राहिले.

ध्वनिफितीचा काळ : १९६३ मध्ये फिलिप्स कंपनीने प्रचारात आणलेल्या बंदिस्त ध्वनिफितीने, म्हणजे कॅसेटने, ही परिस्थिती पालटली. १९७० नंतर आखाती देशांतून परतणाऱ्या कामगारांबरोबर कॅसेट वाजविणारी यंत्रे मोठ्या प्रमाणावर भारतात आली व १९८० नंतर ती देशातच बनू लागली. एक यंत्र वाजविणारे व दुसरे मुद्रण करणारे असले की कोणालाही प्रत काढता येऊ लागली. शहरांत व तालुक्यांच्या गावांत गिऱ्हाइकाने दिलेल्या यादीप्रमाणे ‘कॅसेट भरून देणारी’ दुकाने निघाली. या दुकानांनी कंपन्यांच्या विक्रीस धक्का दिला हे खरे. तथापि त्यांच्यामुळेच ज्या गावांत मूळ तबकडी कधीच पोहोचली नव्हती तेथे संगीत पोहोचले.

कॅसेटचा दुसरा परिणामही तेवढाच महत्त्वाचा होय. उत्पादनाचा खर्च कमी झाल्याने लहान कंपन्या निघाल्या व त्यांनी प्रादेशिक संगीताला बाजारपेठ मिळवून दिली. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्यासारख्या लोकगायकांची भक्तिगीते, भीमगीते व कोळीगीते महाराष्ट्रभर घरोघर ऐकली जाऊ लागली. आगरी-कोळी गीतांच्या कॅसेट ठाणे व रायगड जिल्ह्यांतील लग्नांचा अविभाज्य भाग बनल्या. १९८३ मध्ये टी-सीरीज या नावाने पुढे आलेल्या सुपर कॅसेट्स या कंपनीने जुनी लोकप्रिय गाणी नव्या गायकांकडून गाऊन घेऊन स्वस्तात विकली. असे पुनर्गायन मूळ ध्वनिमुद्रणाची प्रत नसल्याने व कायद्यात त्यास विहित मोबदल्यावर मुभा असल्याने, त्याची वैधता हा अनेक वर्षे ध्वनिमुद्रण कंपन्यांमधील वादाचा विषय राहिला.

कंपन्यांच्या मागणीवरून १९८४ मध्ये अधिनियमात कडक दुरुस्ती करण्यात आली. प्रताधिकाराच्या हेतुपूर्वक उल्लंघनास किमान सहा महिने व कमाल तीन वर्षे कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा ठरली. प्रत्येक कॅसेटवर निर्मात्याचे व हक्कधारकाचे नाव व पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष छापणे सक्तीचे झाले. फौजदार किंवा त्यावरील दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यास अनधिकृत प्रती अधिपत्राशिवाय जप्त करण्याचा अधिकार मिळाला. विशेष कारणे नमूद करून किमान शिक्षेत सूट देण्याची मुभा मात्र न्यायालयास ठेवण्यात आली. १९३६ मध्ये स्थापन झालेली ध्वनिमुद्रण कंपन्यांची संघटना, जी पुढे इंडियन म्यूझिक इंडस्ट्री या नावाने ओळखली जाऊ लागली, तिने या तरतुदींच्या आधारे देशभर छापे घालविण्याची यंत्रणा उभी केली. तीत निवृत्त पोलीस अधिकाऱ्यांना स्थान देण्यात आले.

अमेरिकेतील खटले : १९९० नंतर ध्वनीचे संक्षेपण करण्याची एमपी-३ ही पद्धती प्रचारात आली. तिच्यामुळे गीताची प्रत मूळ ध्वनीचा दर्जा फारसा न गमावता थोड्या जागेत साठविता येऊ लागली. १९९९ मध्ये सुरू झालेल्या नॅपस्टर या सेवेने संगणकधारकांना आपापल्या संग्रहातील गाणी परस्परांना देण्याची सोय करून दिली. त्याच वर्षाअखेरीस कंपन्यांनी नॅपस्टरवर दावा लावला व २००१ मध्ये ती सेवा बंद पडली. तिच्या जागी आलेल्या सेवांना मध्यवर्ती केंद्र नसल्याने त्यांना बंद करणे अवघड गेले. तेव्हा अमेरिकेतील ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने ८ सप्टेंबर २००३ रोजी २६१ व्यक्तींविरुद्ध एकाच दिवशी दावे दाखल केले. त्यांत न्यूयॉर्कमधील एका बारा वर्षांच्या मुलीचाही समावेश होता. तिच्या आईने दोन हजार डॉलर देऊन ते प्रकरण मिटविले.

अमेरिकन कायद्यात प्रत्यक्ष नुकसान सिद्ध न करताही दर कृतीमागे ७५० ते ३०,००० डॉलर, व उल्लंघन हेतुपूर्वक असल्यास १,५०,००० डॉलरपर्यंत, भरपाई मिळू शकते. त्यामुळे बहुतेक प्रतिवादींनी काही हजार डॉलर देऊन तडजोड केली. मिनेसोटा राज्यातील एका महिलेने लढा दिला. तेव्हा २४ गाण्यांबद्दल २००७ मध्ये २,२२,००० डॉलर, २००९ मध्ये झालेल्या फेरसुनावणीत १९,२०,००० डॉलर असे निवाडे तिच्याविरुद्ध लागले व अखेर २०१२ मध्ये अपील न्यायालयाने पहिली रक्कम कायम केली. बॉस्टन येथील एका विद्यार्थ्यावर ३० गाण्यांबद्दल ६,७५,००० डॉलरांचा बोजा पडला. हजारो कुटुंबांना गाठणाऱ्या या मोहिमेमुळे गाण्यांची देवघेव थांबली नाही. उलट संगीत कंपन्या आपल्याच श्रोत्यांशी भांडत आहेत, असा समज पसरला. डिसेंबर २००८ मध्ये संघटनेने असे सरसकट दावे थांबविण्याचे धोरण जाहीर केले.

भारतातील वेगळा मार्ग : भारतात श्रोत्यांविरुद्ध अशी मोहीम झाली नाही. याचे पहिले कारण कायद्यातच आहे. भारतीय कायद्यात ठराविक रकमेची वैधानिक भरपाई नसून दिवाणी दाव्यात नुकसान किंवा प्रतिवादीस झालेला नफा दाखवावा लागतो. दोनचारशे गाणी बाळगणाऱ्या विद्यार्थ्याविरुद्धचा दावा खर्चाच्या मानाने निष्फळ ठरला असता. दुसरे असे की, २०१२ च्या दुरुस्तीने खाजगी वा वैयक्तिक उपयोगासाठी केलेल्या न्याय्य वापराची सवलत ध्वनिमुद्रणांसही लागू झाली. तिसरे व सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे भारताच्या मोठ्या भागात गाण्यांची देवघेव इंटरनेटवरून फारशी होतच नव्हती; ती हातोहात होत होती.

सु. २००५ ते २०१५ या दशकात शहापूर, मुरबाड यांसारख्या तालुक्यांच्या बाजारपेठांतील भ्रमणध्वनीची दुकाने ही या देवघेवीची केंद्रे होती. दुकानदाराच्या संगणकात हिंदी, मराठी, आगरी-कोळी गाण्यांचा, भजनांचा व चित्रफितींचा संग्रह असे. गिऱ्हाईक आपले मेमरी कार्ड देई व अल्प मोबदल्यात दुकानदार त्यात ‘गाणी भरून देई’. आठवड्याच्या बाजाराला डोंगरातील पाड्यांवरून आलेला माणूस मीठमिरचीबरोबर गाणीही घेऊन जाई. म्हसे येथे पौष महिन्यात भरणारी म्हसोबाची यात्रा जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. असे मेळावे हीही गाणी व यंत्रे यांच्या खरेदीविक्रीची ठिकाणे होत. ज्या पाड्यांवर वीज अनियमित व इंटरनेट अनुपलब्ध होते, तेथे हा संग्रह हेच लोकांचे ग्रंथालय होते. संघटनेने या व्यवहारावर छापे घातले, तसेच २०१० च्या सुमारास अशा दुकानदारांना शुल्क घेऊन परवाना देण्याची योजनाही आखली. बंदीपेक्षा परवाना अधिक व्यवहार्य आहे, हे या योजनेतून उद्योगानेच अप्रत्यक्षपणे मान्य केले.

फौजदारी कारवाई व लहान दुकानदार : दिवाणी दाव्याच्या तुलनेत फौजदारी तक्रार कमी खर्चाची व तत्काळ परिणाम करणारी असल्याने भारतात तिचाच अधिक अवलंब झाला. या गुन्ह्याची सुनावणी प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याच्या किंवा महानगर दंडाधिकाऱ्याच्या खालच्या न्यायालयात होऊ शकत नाही. शहापूर व मुरबाड येथे तालुका पातळीवर प्रथम वर्ग न्यायालये असल्याने तेथील दुकानदारावरील खटला तेथेच चालतो. तथापि त्याच्या दृष्टीने खरी शिक्षा निकालापूर्वीच होते. कारण जप्तीत त्याचा संगणक, म्हणजे त्याच्या उपजीविकेचे साधनच, जाते.

हा गुन्हा दखलपात्र आहे की नाही, याविषयी उच्च न्यायालयांत दीर्घकाळ मतभेद होते. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२२ रोजी निट प्रो इंटरनॅशनल खटल्यात तो दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचा निर्णय दिला. महाराष्ट्रात याहूनही कठोर साधन उपलब्ध आहे. झोपडपट्टी दादा, हातभट्टीवाले व औषधीद्रव्यविषयक गुन्हेगार यांच्या स्थानबद्धतेसाठी १९८१ मध्ये केलेल्या राज्य अधिनियमात २००९ मध्ये ‘व्हिडिओ पायरट’, म्हणजे चित्रपटांच्या अनधिकृत प्रतींचा व्यापार करणाऱ्या व्यक्ती, यांचा अंतर्भाव करण्यात आला. या अधिनियमाखाली खटल्याविना बारा महिन्यांपर्यंत स्थानबद्ध करता येते. संघटित टोळ्यांना आवर घालणे हा या दुरुस्तीचा हेतू होता. परंतु प्रतींच्या व्यापाराला हातभट्टीच्या पंक्तीस बसविणे प्रमाणबद्ध आहे काय, हा प्रश्न त्यातून निर्माण झाला.

दावा कोठे लावावा, हाही लहान प्रतिवादीच्या दृष्टीने कळीचा मुद्दा होय. १९५७ च्या अधिनियमाने हक्कधारकास स्वतःच्या निवासाच्या वा व्यवसायाच्या ठिकाणी दावा लावण्याची खास सवलत दिली आहे. गरीब लेखकास दूरच्या न्यायालयात खेटे घालावे लागू नयेत, हा तिचा हेतू. प्रत्यक्षात अनेक शहरांत शाखा असलेल्या संस्थांनी तिचा वापर प्रतिवादीस दूर खेचण्यासाठी केला. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचे मुख्य कार्यालय मुंबईत असूनही तिने महाराष्ट्रातील चित्रपटगृहांच्या मालकाविरुद्ध दिल्लीत दावा लावला. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १ जुलै २०१५ रोजी अशा वापरास मनाई केली. वादीचे मुख्य कार्यालय जेथे आहे तेथेच वादकारण घडले असेल, तर केवळ शाखा आहे म्हणून अन्यत्र दावा लावता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले. महाराष्ट्रातील प्रतिवादीस अकारण दिल्लीस जावे लागू नये, अशी ही तजवीज आहे.

संकेतस्थळांविरुद्धचे खटले : इंटरनेटवरील देवघेवीसंबंधीचे प्रमुख निर्णय दिल्ली, कोलकाता व मुंबई येथील उच्च न्यायालयांनी दिले. सुपर कॅसेट्स कंपनीने २००७ मध्ये मायस्पेस या संकेतस्थळावर दावा लावला. २०११ मध्ये एकसदस्य पीठाने संकेतस्थळास जबाबदार धरले. परंतु डिसेंबर २०१६ मध्ये खंडपीठाने तो निर्णय फिरविला. लोकांनी चढविलेल्या आशयाबद्दल चालकास विशिष्ट माहिती असल्याशिवाय तो दोषी ठरत नाही व सूचना मिळाल्यावर त्याने तो आशय काढून टाकावा, असे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. कोलकाता उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ध्वनिमुद्रण उद्योगाच्या अर्जांवरून इंटरनेट सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांना १०४ संकेतस्थळे रोखण्याचा आदेश दिला.

मुंबई उच्च न्यायालयाने याबाबत अधिक सावध भूमिका घेतली. २०१६ मध्ये एका हिंदी चित्रपटाच्या निर्मात्यांनी अज्ञात प्रतिवादींविरुद्ध मनाईहुकूम मागितला. तेव्हा न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी संपूर्ण संकेतस्थळे रोखण्यास नकार देऊन तपासून खात्री केलेल्या विशिष्ट दुव्यांपुरताच आदेश दिला. रोखलेल्या पानावर ‘हा आशय पाहणे हा गुन्हा आहे’ अशा अर्थाची जी सूचना झळकत असे, तीही त्यांनी बदलावयास लावली. केवळ पाहणे हा गुन्हा नसून परवानगीवाचून वितरण, जाहीर प्रदर्शन, विक्री वा भाड्याने देणे हा गुन्हा आहे, असे त्यांनी स्पष्ट केले. सामान्य श्रोता व व्यापारी उल्लंघन करणारा यांच्यातील सीमारेषा या स्पष्टीकरणाने ठळक झाली.

लग्नसमारंभ व जाहीर वादन : भ्रमणध्वनीतील गाणे जेव्हा मांडवात वाजते, तेव्हा प्रश्न प्रतीचा न राहता जाहीर वादनाचा होतो. आगरी समाजातील हळदीचा कार्यक्रम व त्यातील ध्वनिक्षेपकावरील गाणी हे ग्रामीण ठाण्यातील लग्नाचे महत्त्वाचे अंग आहे. १९९४ च्या दुरुस्तीने धार्मिक समारंभातील वादनास सूट दिली असून तीत लग्नाची वरात व लग्नाशी निगडित सामाजिक सोहळे यांचा समावेश केला आहे. तरीही हॉटेले, सभागृहे व ध्वनिक्षेपक पुरविणारे यांच्याकडून शुल्क मागितले जात असल्याच्या तक्रारी होत राहिल्या व जुलै २०२३ मध्ये केंद्र शासनाने या सवलतीची आठवण देणारी जाहीर सूचना काढली. गोवा शासनाने जानेवारी २०२४ मध्ये त्याच आशयाचे परिपत्रक काढले. परंतु मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा पीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये ते रद्द ठरविले. कायद्याने दिलेली सूट शासनाला परिपत्रकाद्वारे वाढविता येणार नाही. ती कोठे लागू होते हे प्रत्येक प्रकरणातील वस्तुस्थितीवरून न्यायालयाने ठरवावयाचे, असा त्याचा आशय आहे.

लोकगीतांचा प्रश्न : अनधिकृत प्रतींविरुद्धच्या लढ्यात ‘कलावंताचे नुकसान’ हा युक्तिवाद नेहमी पुढे केला जातो. तथापि शहापूर–मुरबाडसारख्या प्रदेशातील कलावंताचे स्थान या कायद्यात दीर्घकाळ अगदी दुबळे होते. धवळ्यांना किंवा कांबडनाचाच्या गाण्यांना ज्ञात कर्ता नसल्याने त्यांना गीत म्हणून संरक्षण नाही. परंतु तीच गाणी एखाद्या कंपनीने मुद्रित केली, की त्या मुद्रणावर कंपनीचा साठ वर्षांचा स्वतंत्र हक्क निर्माण होतो. गाणारीला बहुधा एकदाच बिदागी मिळते. तिच्या गावातील दुकानदाराने तिचेच गाणे कार्डात भरून दिले, तर कायद्यापुढे तक्रारदार असते ती कंपनी. मूळ गाणे मात्र कोणालाही गाण्यास व नव्याने मुद्रित करण्यास मोकळेच राहते, हा भेद पुष्कळदा लक्षात घेतला जात नाही.

ही उणीव काही अंशी भरून काढण्याचा प्रयत्न पुढील दुरुस्त्यांनी केला. १९९४ च्या दुरुस्तीने प्रयोगकर्त्या कलावंताचा हक्क प्रथमच मान्य केला व १९९९ मध्ये त्याची मुदत पन्नास वर्षे करण्यात आली. २१ जून २०१२ पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांना चित्रपटबाह्य वापरातील स्वामित्वशुल्काचा समान वाटा मिळण्याचा, कराराने सोडून देता न येणारा, हक्क दिला. १९७७ च्या निर्णयाने निर्माण झालेली स्थिती त्यामुळे बऱ्याच अंशी पालटली. गायकांसाठी २०१३ मध्ये इंडियन सिंगर्स राइट्स असोसिएशन ही संस्था नोंदविली गेली. हे लाभ मुख्यतः चित्रपटगायकांपर्यंत पोहोचले. लेखी करार व सदस्यत्व यांशिवाय गाणाऱ्या ग्रामीण कलावंतास ते मिळविणे अजूनही कठीण आहे.

प्रवाही सेवांचा काळ : सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओची सेवा सुरू झाल्यानंतर भ्रमणध्वनीवरील इंटरनेट एकदम स्वस्त झाले. यूट्यूब व गाण्यांच्या इतर प्रवाही सेवा खेड्यांत पोहोचल्या व कार्डात गाणी भरून देण्याचा व्यवसाय काही वर्षांतच ओसरला. वीस वर्षांच्या छाप्यांनी व खटल्यांनी जे साधले नाही ते स्वस्त व कायदेशीर पर्यायाने साधले. खटल्यांचे स्वरूपही त्याबरोबर बदलले. टिप्स इंडस्ट्रीज विरुद्ध विंक म्यूझिक या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये, व अपिलात २०२२ मध्ये, असे ठरविले की प्रसारणासाठी असलेल्या वैधानिक परवान्याचा लाभ इंटरनेट सेवांना घेता येणार नाही. त्यांनी हक्कधारकांशी करार केला पाहिजे. वादी व प्रतिवादी दोन्ही बाजूंस आता मोठ्या कंपन्या असून लहान दुकानदार या चित्रातून बाहेर गेला आहे.

या प्रवासात ग्रामीण श्रोत्याला परवडणाऱ्या दरात गाणे मिळू लागले व कंपन्यांना त्यांचा मोबदला. ठाणे जिल्ह्यातील गायकवादकांनीही स्वतःच्या गाण्यांच्या चित्रफिती यूट्यूबवर प्रसृत करण्यास प्रारंभ केला असून मध्यस्थ कंपनीवाचून श्रोत्यांपर्यंत जाण्याचा मार्ग त्यांना प्रथमच उपलब्ध झाला आहे. परंपरेने समाजाच्या मालकीचे असलेले गीत बाजारात आल्यावर त्यातील वाटा ते जपणाऱ्या समाजास कसा मिळावा, हा प्रश्न मात्र प्रताधिकाराच्या कायद्याने अद्याप सोडविलेला नाही.